निळ्या डब्याचा आठवडा

१

मंगळवारी सकाळी नॉर्मा एन्टविसलने धुणंघराचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि ते पाऊल घोट्यापर्यंत पाण्यात गेलं. लांबलचक जेवणाच्या टेबलावर छतातून धार लागली होती. बुधवारच्या जेवणासाठी आणून ठेवलेली बटाट्याची पोती भिजून चिंब झाली होती आणि पियानोच्या झाकणावर तळं साचलं होतं. नॉर्माने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, तेवढी अक्कल तिला होती. ती मागच्या अंगणात गेली आणि मान वर करून पाहू लागली. छपराच्या दोन उतारांमधल्या पन्हळीत आणि धुराड्याच्या बुडाशी आजोबांच्या काळापासून बसलेले शिशाचे पत्रे कोणीतरी सोलून नेले होते. आदल्या रात्रीच्या पावसाने उरलेलं काम केलं होतं.

ऑल्डेन गावातल्या टॅनर्स रो या गल्लीत चौदा घरं आहेत. सगळी एकमेकांना चिकटून, मध्ये विटेची एकेक भिंत. तीन नंबरमधलं माणूस शिंकलं तर चार नंबरमधून 'जपा हो' ऐकू येतं. घरं विकणारे लोक जाहिरातीत या भागाला 'परवडणारी वस्ती' म्हणतात, आणि म्हणताना नाक किती मुरडायचं ते त्यांना शिकवलेलं असतं. गल्लीच्या टोकाला धुणंघर. एके काळी इथे बायका तांब्याच्या हंड्यांत कपडे उकळायच्या. आता दर बुधवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना गरम जेवण मिळतं आणि ते नॉर्मा रांधते. कौन्सिलला, म्हणजे गावच्या नगरपालिकेला, ही जागा विकायची होती. शुक्रवारी त्यांचा माणूस इमारत तपासायला येणार होता. धुणंघर धोक्याचं ठरलं की ते पडणार, आणि ते पडलं की बिल्डर गल्लीतलं एकेक घर गिळत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पण नॉर्माला भीती वाटली ती धुणंघराची नव्हे. शिसं गेलं म्हटल्यावर अख्खी गल्ली पहिलं नाव कोणाचं घेणार हे तिला ठाऊक होतं.

तिचा मुलगा डीन तीन वर्षांपूर्वी चर्चच्या छपरावरचं शिसं भंगारात विकायला काढताना सापडला होता. शिक्षा झाली. यंदा मार्चमध्ये तो मुदतीआधी सुटला, पण अटीवर. पुन्हा काही घडलं की थेट आत. तेव्हापासून तो आईकडे नऊ नंबरमध्ये राहत होता, एका छपरं दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली इमानाने राबत होता आणि गल्लीतून जाताना खाली बघून चालत होता.

दुपारी कॉन्स्टेबल प्राइस आली. तरुण बाई, आवाज मऊ, पण प्रश्न धारदार. चोरी सोमवारी संध्याकाळी झाली असावी, ती म्हणाली. जून महिना, रात्री नऊपर्यंत उजेड, पण सात ते नऊ सगळी गल्ली कोपऱ्यावरच्या क्लबात बिंगो खेळायला जाते हे कोणालाही माहीत. डीन कुठे होता? डीन घरी एकटा झोपला होता. दिवसभर छपरावर उन्हातान्हात काम केलेलं माणूस झोपणार नाही तर काय करणार?

"मिसेस एन्टविसल," प्राइस म्हणाली, "त्याला मागच्या बोळात पाहिलेला माणूस आहे. शुक्रवारी दुपारी डीनला चौकीत आणा. माझे साहेब तेव्हा ठरवतील."

ती गेल्यावर नॉर्मा रस्त्यावर उभ्या असलेल्या डीनच्या व्हॅनपाशी गेली. इकडेतिकडे पाहिलं आणि मागचं दार उघडलं. आत दोर, हातोड्या, छपराच्या पाटीदगडाचे तुकडे. तिने ताडपत्री उचलून पाहिली, खोक्यामागे हात घालून पाहिलं.

"सापडलं का काही?"

डीन घराच्या उंबऱ्यात उभा होता.

"नाही," नॉर्मा म्हणाली.

"मग दार लाव. हत्यारं भिजतात."

२

नॉर्मा रात्रभर तळमळली आणि सकाळी उठली ती चिडूनच. स्वतःवरही आणि गल्लीवरही. पोलिसांना शुक्रवारपर्यंत काही करायचं नव्हतं, मग आपणच करायचं असं तिने ठरवलं.

एक गोष्ट तिला पहिल्याच दिवशी खटकली होती. धुणंघराच्या अंगणाला उंच भिंत आहे आणि बोळाच्या बाजूला लोखंडी फाटक. फाटकाचं कुलूप शाबूत होतं. शिशाचे पत्रे म्हणजे काही पिसं नव्हेत, एवढा माल भिंतीवरून कोण फेकणार? फेकला असता तर खालच्या फरशा फुटल्या असत्या, आणि फरशा धड होत्या. माल फाटकातूनच गेला होता, किल्लीने उघडून. आणि किल्ल्या तीनच. पहिली नॉर्माकडे, दुसरी एक नंबरच्या डोरीन क्रॅब्ट्रीकडे आणि तिसरी रहिवासी समितीचा अध्यक्ष क्लिफर्ड हॅलम याच्याकडे.

प्राइसला तिने हे सांगितलं होतं. प्राइस म्हणाली, तुमची किल्ली तुमच्या मुलाने घेतली असेल. नॉर्मा म्हणाली, माझी किल्ली बिंगोच्या पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती आणि मांडी क्लबात होती. प्राइसने मान डोलावली, पण आईच्या मांडीला पोलीस पुरावा मानत नाहीत.

डोरीन कोपऱ्यावर राहते. तिच्या घराला गल्लीतलं एकमेव कुंपण आहे, हिरव्यागार झुडपांचं, आणि तिचा तोरा त्या कुंपणाइतकाच नीट कापलेला. नॉर्मा गेली तेव्हा ती फोनवर कौन्सिलच्या कोणाला तरी फाडून खात होती.

"उर्मट मेले," फोन आदळून ती म्हणाली. "सगळ्या गल्लीचे डबे तसेच ठेवून गेले. वर प्रत्येक डब्याच्या मुठीला नारिंगी फीत बांधून गेले, जसं काही आम्हीच चुकलो."

हे रामायण सोमवारी सुरू झालं होतं. टॅनर्स रोमध्ये प्रत्येक घराला कचऱ्याचे चाकांचे दोन डबे. निळ्यात रद्दी कागद आणि बाटल्या, चॉकलेटीत बागेचा पाला. एका आठवड्याला एक, पुढच्याला दुसरा. कौन्सिल दर वर्षी त्याचं कॅलेंडर पाठवतं आणि गल्लीतलं कोणीही ते पाहत नाही. सोमवारी चहाच्या वेळेला डोरीन आपला डबा दारात आणते. ज्या रंगाचा तो असेल त्याच रंगाचे डबे पाच मिनिटांत सगळ्या दारांपुढे उभे राहतात. चाळीस वर्षं हेच चालू आहे. या मंगळवारी मात्र कौन्सिलची गाडी आली, गडी खाली उतरले, हसले, फिती बांधल्या आणि भरलेले डबे तसेच टाकून निघून गेले. बायकांनी तासाभर शिव्या घातल्या आणि आपापले डबे ओढत मागच्या अंगणात नेले.

नॉर्माला आज डब्यांचं सोयरसुतक नव्हतं. तिने किल्लीचं विचारलं. डोरीनने स्वयंपाकघरातल्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथेच होती आणि घराला सोमवारी संध्याकाळी कुलूप होतं. डोरीन स्वतः क्लबात नॉर्माच्या शेजारी बसली होती, बिस्किटांचा डबा जिंकली होती आणि कोणाला एक बिस्कीट दिलं नव्हतं.

"तुला सांगू का," दारापर्यंत सोडायला येत डोरीन म्हणाली, "डीनला आत जायचं तर लवकर जाऊ दे. शुक्रवारी कौन्सिलचा इन्स्पेक्टर येणार. चोर आमच्यातलाच निघाला तर आम्ही कुठल्या तोंडाने बोलायचं?"

"तू त्याला लहानपणी अंघोळ घातलीयस, डोरीन."

"म्हणून तर बोलते," डोरीन म्हणाली, पण नजर चुकवत.

राहिली तिसरी किल्ली. आणि तिसऱ्या किल्लीचा धनी म्हणजे गल्लीचा लाडका म्हातारा, सगळ्यांच्या अर्जांवर सही करणारा, कौन्सिलपुढे टेबल आपटणारा. शिवाय प्राइसला साक्ष देणारा माणूसही तोच, हे नॉर्माला पावाच्या दुकानात कळलं होतं.

३

क्लिफर्ड हॅलम चौदा नंबरमध्ये, म्हणजे धुणंघराला लागून. त्याच्या मागच्या माडीच्या खिडकीतून फाटक, अंगण, सगळं दिसतं. त्याच्याकडे जाण्याआधी नॉर्मा तेरा नंबरच्या रशीदाकडे थांबली. एका भिंतीपलीकडचं माणूस कोणाला कळलं तर ते शेजारणीलाच.

रशीदाने चहात इलायची घातली, समोर समोसे ठेवले आणि आधी डीनची चौकशी केली. "नॉर्मा आंटी, मी कोणाला काही बोलले नाही हं. माझ्या नवऱ्यानेही नाही. तुमच्या मुलाने पावसाळी पन्हळ बसवून दिली आमची, पैसेसुद्धा घेतले नाहीत."

गल्लीत डीनच्या बाजूने निघालेला हा पहिला शब्द. नॉर्माने आणखी एक समोसा उचलला आणि सोमवारचं विचारलं. सोमवारी संध्याकाळी रशीदा मुलीकडे गेली होती, घर बंद होतं. त्याआधी, चहाच्या वेळेला, तिने डबे बाहेर काढले होते.

"डबे?" नॉर्माने विचारलं. "तुझ्याकडे एकच डबा काढायचा असतो ना?"

"माझा आणि क्लिफर्ड अंकलचा. त्यांचा गुडघा दुखतो. दोन वर्षं झाली, मीच काढते आणि मीच आत नेते." रशीदा जरा घुटमळली. "आंटी, एक सांगू? त्यांचा डबा बोटाने ढकलला तरी जातो. आत कधी काही नसतंच. मी म्हटलं, एकटा माणूस, किती कचरा करणार. पण एकटा माणूस दुधाची बाटली तरी टाकेल ना?"

नॉर्माने कप खाली ठेवला. "आणि भिंतीतून काय ऐकू येतं?"

"काही नाही. हिवाळ्यापासून काहीच नाही. आधी टीव्ही इतका मोठा लावायचे की मला बातम्या पाठ व्हायच्या. आता वाटतं लवकर झोपत असतील. कधी सकाळी मागच्या बोळात गाडी येते, वरखाली पावलं वाजतात, दारातली टपालाची पत्रं उचलली जातात. मग पुन्हा सामसूम."

"तू हे पोलिसांना सांगितलंस?"

"त्यांनी मला फक्त डीनबद्दल विचारलं," रशीदा म्हणाली.

४

क्लिफर्ड गुरुवारी सकाळी भेटला. त्याने नॉर्माला प्रेमाने खुर्ची दिली, काठी टेकून ठेवली आणि दूध संपलंय म्हणून कोरा चहा दिला. घर नीटनेटकं होतं. फारच नीटनेटकं. खिडकीत कुंडी होती आणि कुंडीतली माती दगड झाली होती.

"नॉर्मा, मला किती वाईट वाटलं सांगू," तो म्हणाला. "पण डोळ्यांनी पाहिलेलं कसं लपवू? समितीचा अध्यक्ष आहे मी."

"लपवू नकोस. मलाही सांग, जसं पोलिसांना सांगितलंस तसं. आई आहे मी त्याची. मला ऐकायचंय."

तो खिडकीपाशी गेला, जणू ते दृश्य अजून खाली मांडून ठेवलंय. बिंगो चालू होता. गुडघ्यामुळे तो घरीच होता. बोळात खडखड झाली म्हणून त्याने पडदा सारला. डीन धुणंघराच्या भिंतीला डबा टेकवून त्यावर चढला होता.

"डबा कोणाचा?"

"तुमचाच. चॉकलेटी, पांढऱ्या रंगाने नऊ आकडा काढलेला. त्यावर उभा राहून त्याने भिंतीवर पाय टाकला, आतून फाटक उघडलं. तुझीच किल्ली असणार. पुढचं मी पाहिलं नाही, मला बघवलं नाही."

इतकं नेमकं सांगितल्यावर संशय कसा घ्यायचा? रंग, आकडा, सगळं बरोबर. नॉर्माच्या अंगणात खरंच चॉकलेटी डबा होता आणि त्यावर पांढरा नऊ होता. ती मुकाट्याने उठली. क्लिफर्डने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि संध्याकाळी क्लबात रहिवाशांची सभा आहे, आलीस तर बरं, नाही आलीस तरी सगळे समजून घेतील, असं म्हणाला.

घरी येऊन ती मागच्या अंगणात बसली. डीन आत बॅग भरत होता. चौकीत जायचं तर कपडे घेऊन जावेत, म्हणत होता, मागच्या वेळी फार हाल झाले. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच तिला सहन होत नव्हतं. रागावलेला मुलगा परत भांडायला येतो. हा मुलगा आताच गेल्यासारखा बोलत होता.

समोर चॉकलेटी डबा उभा होता, झुडपांच्या फांद्यांनी इतका गच्च भरलेला की झाकण बसत नव्हतं. मुठीला नारिंगी फीत लोंबत होती. नॉर्मा त्या फितीकडे पाहत राहिली. मग ती ताडकन उठली आणि स्लिपर पायात असतानाच कोपऱ्याकडे चालू लागली.

५

"डोरीन, सोमवारी कोणत्या रंगाचा आठवडा होता?"

"चॉकलेटी," डोरीन म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

"खरं सांग."

डोरीनने दार अर्धवट लोटून घेतलं. "तुला काय करायचंय? कौन्सिलची चूक आहे."

"कौन्सिलचं कॅलेंडर तुझ्या फ्रीजच्या मागे पडलंय, मला माहितीये. पण तू ते न बघता सांगू शकतेस. मागच्या सोमवारी काय काढलं होतंस?"

डोरीन दाराची कडी चाळवू लागली. मागच्या सोमवारीही चॉकलेटीच निघाला होता, आणि एकच रंग लागोपाठ दोनदा येत नाही. म्हणजे या वेळी निळा हवा होता. पण रविवारी डोरीनने कुंपण कापलं. तिचा डबा भरून वाहू लागला, उरलेल्या फांद्या तिने नॉर्माच्या डब्यात कोंबल्या. एवढा पाला दारात कुजत ठेवणं तिच्या जिवावर आलं. मग तिने मनाला पटवलं की चॉकलेटीच असेल. आणि बाकीच्या तेरा घरांनी नेहमीप्रमाणे तिच्याकडे पाहिलं आणि आपापला चॉकलेटी डबा बाहेर आणला.

"ऐक," नॉर्मा म्हणाली. "क्लिफर्ड म्हणतो, बिंगोच्या वेळी डीन आमच्या चॉकलेटी डब्यावर मागच्या बोळात उभा होता. त्या वेळी आमचा चॉकलेटी डबा पुढच्या रस्त्यावर होता. मी स्वतः ठेवला, तू पाहिलंस. वर तुझं अर्धं कुंपण भरलेलं. त्यावर मांजरही उभं राहणार नाही. आणि किल्ली खिशात असताना भिंत कोण चढतं?"

डोरीनच्या ध्यानात हळूहळू येत होतं. "मग त्याने चॉकलेटी का म्हटलं?"

"कारण त्याने कॅलेंडर वाचलं, आपल्यासारखं दारात पाहिलं नाही. कॅलेंडरप्रमाणे निळे डबे रस्त्यावर आणि चॉकलेटी मागे. त्याने विचार करून खोटं रचलं. तो इथे असता तर त्याला दिसलं असतं की आपण सगळे मूर्ख ठरलोय."

डोरीनचा चेहरा उतरला. "आणि हे तू सभेत सांगणार."

"तू सांगणार. माझं कोण ऐकेल? मी त्याची आई."

"नॉर्मा, चाळीस वर्षं," डोरीन म्हणाली. "चाळीस वर्षं ही गल्ली माझ्या डब्याकडे बघते. माझ्याकडे दुसरं काय आहे? नवरा गेला, पोरं कॅनडात. एकदा मी चुकले म्हटलं की उद्यापासून जो तो कॅलेंडर लावेल."

"आणि उद्यापासून डीन आत असेल."

डोरीनने दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

६

धुणंघर ओलं म्हणून सभा क्लबात भरली. सगळी गल्ली हजर होती. कॉन्स्टेबल प्राइस भिंतीपाशी उभी होती, आणि डीन शेवटच्या रांगेत, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या सोडलेल्या. नॉर्मा आधी त्यातल्या एका खुर्चीत बसली. दुसरीत रशीदा येऊन बसली. डोरीन कुठे दिसत नव्हती.

क्लिफर्ड काठी टेकत पुढे उभा राहिला. त्याने फार सुंदर भाषण केलं. आपण किती लढलो, पण इमारती म्हाताऱ्या होतात, माणसंही म्हातारी होतात. भिंतींत ओल, छपरं फाटलेली, आणि आता आपल्यातल्याच एकाने घाव घातला. कदाचित कौन्सिल म्हणतं ते ऐकून, मिळेल ते घेऊन, मानाने निघायची वेळ आली असेल. पुढच्या रांगेत एकीने डोळे पुसले.

नॉर्मा उठली. "क्लिफर्ड, मला एकच विचारायचंय. सोमवारी रात्री तू इथे, तुझ्या घरात होतास?"

"तुला माहितीये, होतो."

"आणि मंगळवारी सकाळी?"

"अर्थात. कचऱ्याच्या गाडीने उठवलं मला."

"मग सांग, सोमवारी तुझ्या दारात कुठला डबा होता?"

क्लिफर्ड दयाळूपणे हसला. "नॉर्मा, निळा. निळ्या डब्याचा आठवडा होता. सगळ्यांचेच निळे होते. सकाळी गाडी येऊन रिकामे करून गेली, मी खिडकीतून पाहिलं."

क्लबातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाठोपाठ सगळी गल्ली हसली. मंगळवारी सकाळी भरलेले डबे ओढून ज्यांची कंबर दुखली होती ते सगळे हसले. क्लिफर्डला काय विनोद झाला ते कळेना आणि त्याचं न कळणं प्रत्येकाला दिसलं. एक म्हातारा तर त्याला समजावूनही सांगू लागला, पण बायकोने त्याला खाली बसवलं.

प्राइस पुढे आली. "मला नाही कळलं. कॅलेंडरप्रमाणे निळाच होता. मी पाहिलंय."

"कॅलेंडरप्रमाणे होता," दारातून आवाज आला. डोरीन क्रॅब्ट्री लग्नाला घालायची टोपी घालून उभी होती. "मी चुकले. मी चॉकलेटी बाहेर ठेवला आणि या गाढवांनी माझं बघून ठेवला. चौदाही घरांनी. बिंगोला जाताना मी सगळे मोजत गेले, नऊ नंबरचाही दारात होता, माझ्या कुंपणाने भरलेला. गाडीवाल्यांनी एकही उचलला नाही. या माणसाच्या दारातसुद्धा चॉकलेटीच होता. तो रशीदाने ठेवला, कारण हा इथे राहतच नाही."

कोणी हसलं नाही आता. रशीदाने उठून रिकाम्या डब्याचं आणि मुक्या भिंतीचं सांगितलं. नॉर्माने प्राइसला कुलुपाची आठवण करून दिली. तीन किल्ल्या, त्यातल्या दोन क्लबात आणि खिळ्यावर. तिसरी अशा माणसाकडे, जो त्या रात्री गल्लीत नव्हता पण गल्लीत काय पाहिलं ते रंगासकट सांगत होता. "जिथे नव्हतास तिथलं तू का पाहिलंस, क्लिफर्ड?" तिने विचारलं. "ज्याने खरं पाहिलेलं असतं त्याला खोटं रचायची गरज पडत नाही. तू दुपारी येऊन कोणाला तरी फाटकाची किल्ली दिलीस आणि निघून गेलास. मग नाव कोणाचं सांगायचं हे शोधायलाही लागलं नसेल तुला."

क्लिफर्डने इकडेतिकडे पाहिलं. काठीशिवायच तो दोन पावलं मागे सरला आणि गुडघा दुखायचं विसरला.

"बिल्डरची माणसं म्हणाली, थोडंसंच काढतो," तो हळू म्हणाला. "इमारत पाडायला काहीतरी निमित्त हवं होतं. गल्ली विकली की इथे राहणाऱ्यालाच नवं घर मिळणार होतं. मी बहिणीकडे राहतो हिवाळ्यापासून, तिथे ओल नाही. तुम्हाला काय कळतं? सगळं आयुष्य मी या ओलीत काढलं. मला बाहेर पडायचं होतं."

"मग पडायचं होतंस," नॉर्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "कोणी अडवलं होतं? पेढे वाटून पाठवलं असतं तुला. आमचं छप्पर काढून आणि माझ्या पोराचं आयुष्य काढून का जायचं? स्वस्तातली घरं आहेत ही, क्लिफर्ड. त्यातली माणसं स्वस्त नाहीत."

प्राइसने क्लिफर्डला बाहेर चलायला सांगितलं. जाताना ती डीनपाशी थांबली आणि उद्या चौकीत यायची गरज नाही, एवढंच म्हणाली. माफी मागायची पोलिसांत पद्धत नसावी.

७

शुक्रवारी सकाळी डीन धुणंघरापुढे उभा होता. मालकाकडून उसना आणलेला डांबरी कागदाचा गठ्ठा खांद्यावर, लांब शिडी भिंतीला लावलेली. गल्ली हळूहळू गोळा झाली. कोणी चहा आणला, कोणी केक. तीन नंबरचा म्हणाला, गैरसमज झाला रे बाबा. सहा नंबरची म्हणाली, आम्हाला आतून वाटतच होतं की तू नसशील.

डीनने पहिल्यांदाच मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

"केक नकोय मला," तो म्हणाला. "शिडी हलते. तीन दिवस ज्यांनी ज्यांनी 'तोच असेल' म्हटलं, त्यांनी ती धरायची. मी वर असेपर्यंत सोडायची नाही. बाकीच्यांनी घरी जावं."

कोणी घरी गेलं नाही, पण कोणी पुढेही झालं नाही. सगळे पायांकडे पाहत राहिले. मग नॉर्मा पुढे आली आणि तिने शिडीचा दांडा दोन्ही हातांनी पकडला.

डीन तिच्याकडे बघत राहिला. "तूसुद्धा?"

"मीसुद्धा," नॉर्मा म्हणाली. "चढ."

मग डोरीनने दुसरी बाजू धरली. तीन नंबरचा आला, सहा नंबरची आली. हातांना जागा पुरेना तेव्हा उरलेल्यांनी धरणाऱ्यांचे खांदे धरले. रशीदाला धरायचं कारण नव्हतं, ती खाली उभी राहून खिळे वर देत होती. डीन पन्हळीपाशी पोहोचला, तिथे ओणवा होऊन कागद पसरू लागला आणि हातोडीचे ठोके गल्लीभर वाजू लागले.

थोड्या वेळाने कौन्सिलची गाडी आली. कोट घातलेला इन्स्पेक्टर हातातली फाइल सांभाळत उतरला. दारापुढे माणसांची ही रेटारेटी पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याला आत जाऊन इमारत बघायची होती. त्याने सांगितलं, जरा बाजूला व्हा.

एकही हात शिडीवरून निघाला नाही. नॉर्माने मानही वळवली नाही.

"थांबावं लागेल साहेब," ती म्हणाली. "आमचा माणूस वर आहे."